माजघराची मागची भिंत उघडायची आहे, माडीच्या कड्या कशावर टेकवू? (शुक्रवार पेठ, सोलापूर)

शुक्रवारपेठी (धागा काढणारा), ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

गड्डा (सिद्धेश्वरांची जत्रा) उठला, पाहुणे गेले आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला: स्वयंपाकघर. सात माणसांचं घर, आणि आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापताना कोपर जरा बाहेर गेलं की मागची मांडणी वाजते.

घर पणजोबांचं. खाली माजघर, वर माडी. माजघर आतून १५ फूट लांब, १० फूट रुंद. त्याची मागची भिंत दीड फुटी, काळ्या दगडाची, मातीत बांधलेली. बाहेरून वडिलांनी कधीतरी सिमेंटने दरजा भरून घेतल्या. भिंतीमागे ९ फुटांचा परस. तिथली पत्र्याची न्हाणी पाडली. आता परसात पक्कं बांधकाम करायचं, मधली ही भिंत उघडायची आणि माजघर-परस मिळून एक ऐसपैस स्वयंपाकघर करायचं, असा बेत आहे.

अडचण वर आहे. माडीच्या जमिनीच्या सागवानी कड्या (चार बाय पाच इंची, सव्वा-सव्वा फुटावर) एका टोकाला मधल्या तुळईवर आणि दुसऱ्या टोकाला नेमक्या याच भिंतीत गेल्यात. कड्यांवर तक्तपोशी (फळ्यांचं आच्छादन), तिच्यावर चार इंच माती, वर शहाबादी फरशी. भिंत काढली की कड्यांची टोकं अधांतरी.

एक ठेकेदार येऊन गेला. पाच मिनिटं मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "एक रूळ टाकू, दोन दिवसांत मोकळं करून देतो." त्या पाच मिनिटांमुळे माझी झोप उडालीय. कुठला गर्डर लागेल? कड्यांच्या खाली घालावा की कड्यांच्याच उंचीत लपवावा? कुणी केलं असेल तर सांगा.

शेंगाचटणी, ३ फेब्रुवारी

मोकळं करून देतो म्हणजे काय काय मोकळं करून देतो, ते विचारलं का बे त्याला?

रूळवाला, ३ फेब्रुवारी

ठेकेदाराला हसू नका. सोलापूर रेल्वेचं गाव आहे, जुन्या पेठांमध्ये निम्म्या घरांत रूळ सापडतील. आमच्या घरी माझ्या लहानपणापासून दोन रूळ आहेत, वर दोन पिढ्या नांदल्या. भंगारात आजही मिळतो, गर्डरपेक्षा स्वस्त. फक्त पावती घ्या. रेल्वेचा माल बिनपावतीचा घरात सापडणं हा गुन्हा आहे, हे मी नोकरीत असताना पाहिलंय.

मोजपट्टी, ४ फेब्रुवारी

मी स्ट्रक्चरल इंजिनीयर होतो, आता निवृत्त, जुळे सोलापुरात राहतो. गर्डरचा नंबर नंतर. आधी सांगा, माडीवर या भिंतीच्या बरोबर डोक्यावर काय आहे? तुमच्या पूर्ण मजकुरात त्याबद्दल एक शब्द नाही. कड्या मधल्या तुळईवर संपतात की तिच्यावरून पुढच्या खोलीत जातात? भिंतीची दोन्ही टोकं कुणाची? म्हणजे शेजाऱ्यांशी सामाईक आहेत का? आणि परसात किती खोलीवर मुरूम लागतो?

शुक्रवारपेठी, ४ फेब्रुवारी

सर, वर माडीची मागची भिंत आहे. नऊ इंची विटेची, आठ फूट उंच, तिच्यावर पत्रे. पूर्वी तिथे माळवद (मातीचं सपाट छत) होतं, वडिलांनी काढून पत्रे टाकले. कड्या तुळईवरच संपतात, पाहिलं. उजवं टोक सामाईक भिंतीत घुसलंय, डावं आमचंच. मुरूम न्हाणीचा खड्डा घेताना चार फुटांवर लागला होता, वरती काळी माती.

खरं सांगायचं तर वरची भिंत लिहायची राहिली नाही, ती डोक्यातच आली नव्हती. रोज तिच्या खिडकीत उभा राहून दात घासतो.

मोजपट्टी, ५ फेब्रुवारी

बहुतेकांचं असंच होतं. घरात राहणाऱ्याला मजले वेगवेगळे दिसतात, वजनाला ते दिसत नाहीत. आता हिशोब करू. आकडे ढोबळ आहेत, बांधकामासाठी नव्हेत, समजण्यासाठी आहेत. प्रत्यक्ष कामाला परवानाधारक इंजिनीयरची सही आणि महापालिकेची परवानगी लागेलच. ही भिंत ओझं पेलणारी आहे, रंगसफेदीच्या कामात बसत नाही.

माडीची जमीन आधी. एक इंच शहाबादी म्हणजे चौरस मीटरला साधारण ६५ किलो. चार इंच माती १७०. कड्या-तक्तपोशी ३५. झाले २७०. माणसं, कपाटं, धान्य यांच्यासाठी राहत्या घराला आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला २०० किलो धरतात. एकूण ४७०. कडी १० फूट, म्हणजे ३ मीटर. तिचं निम्मं वजन तुळईवर, निम्मं या भिंतीवर. म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीवर ४७० गुणिले दीड, सुमारे ७०० किलो. तुमचा ठेकेदार फार तर इथपर्यंत आला असेल.

आता तुमची दात घासायची भिंत. नऊ इंच जाड, आठ फूट उंच विटेची भिंत गिलाव्यासकट मीटरला ११५० किलोच्या आसपास जाते. पत्र्याचा भार धरा १००. म्हणजे १२५०. जे तुमच्या लिहिण्यात नव्हतं ते लिहिलेल्याच्या पावणेदोन पट निघालं. दोन्ही मिळून मीटरला जवळपास २ टन.

टोकाला पावणेदोन-पावणेदोन फुटांचे पाखे (भिंतीचे उभे तुकडे) ठेवले तर साडेअकरा फुटांचं तोंड उघडतं. टेकण्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३.८ मीटर धरू. नुसत्या कड्यांचं ओझं असतं तर आयएसएमबी १५० (आय आकाराचा, १५० मिलिमीटर उंच गर्डर) सुद्धा ताकदीत पास होतो, पण मधोमध १३ मिलिमीटर वाकतो. गिलावा आणि फरशी तडकू नये म्हणून आपण लांबीच्या ३६० वा भाग, म्हणजे इथे साडेदहा मिलिमीटर, एवढाच वाक चालवून घेतो. म्हणून तो नापास, २०० घ्यायचा. पण भिंतीसकट २ टन आले की २०० सुद्धा ताकदीत काठावर पास आणि वाकण्यात नापास, १२ मिलिमीटर. २५० घेतला तर ५ मिलिमीटरवर येतो.

बहुतेक गर्डर तुटत नाहीत, वाकतात. वाकला की वरचं दार अडकतं, फरशी वाजते, भिंतीला कोपऱ्यातून तिरकी भेग जाते. आणि मालक म्हणतो, लाकूड जुनं होतं.

रूळवाला, ५ फेब्रुवारी

आणि रूळ? रुळाचा हिशोब का नाही केलात?

मोजपट्टी, ५ फेब्रुवारी

केला. ५२ किलोचा रूळ म्हणजे मीटरला ५२ किलो वजनाचा. वाकायला तो जेवढा विरोध करतो, जवळपास तेवढाच आयएसएमबी २०० करतो, आणि त्याचं वजन मीटरला २५ किलो. रुळाचा आकार चाक धावण्यासाठी आहे, डोक्यात लोखंड जास्त. शिवाय त्या पोलादात कार्बन जास्त, साध्या वेल्डिंगला तो नीट धरत नाही, जोडाशेजारी तडकतो. तुमच्या घरचे दोन रूळ उत्तम आहेत, तुम्ही ते दोन टाकलेत आणि वर भिंत नसेल. बरोबर ना?

रूळवाला, ५ फेब्रुवारी

वर गच्ची आहे. भिंत नाही. बरं.

माहेर_साखरपेठ, ६ फेब्रुवारी

मी आता पुण्यात असते. आमच्या आत्याकडे हुबेहूब हेच झालं होतं, गाव आणि गवंडी दोन्ही सांगत नाही. गर्डर चांगला दणकट टाकला होता. पण त्याची टोकं दोन्हीकडे तशीच मातीच्या भिंतीत खुपसली, वर दोन विटा आणि मसाला. पहिल्या पावसाळ्यानंतर एक टोक खाली बसायला लागलं. भिंत आतून पोकळ होती, दगडांच्या दोन कातड्या आणि मध्ये भुसभुशीत माती. आत्या म्हणायची, रात्री भिंतीतून वाळू सांडल्यासारखा आवाज येतो. कुणी मनावर घेतलं नाही. नंतर खालून खांब दिला तेव्हा थांबलं. म्हणून विचारते, टोकांचं काय?

मोजपट्टी, ६ फेब्रुवारी

ताई, या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न. २ टन गुणिले ३.८ मीटर, भागिले दोन. प्रत्येक टोकावर ३.८ टन. एवढं ओझं पाच-सहा इंचांच्या जागेवर मातीतल्या दगडी भिंतीला दिलं तर ती दगड बाहेर ढकलते. पोट सुटतं म्हणतात ते हेच. काँक्रीटचा गट्टू करून ओझं पसरवता येतं, पण त्यासाठी सव्वा फूट बाय सव्वा फूट तरी जागा आणि खाली भक्कम दगड हवा. शुक्रवारपेठींचं उजवं टोक तर सामाईक भिंतीत. तिथे गट्टू घालायचा तर शेजाऱ्याच्या बाजूचा दगड हलणार, मग कोर्टकचेरी.

म्हणून माझा सल्ला, भिंतीला काहीच मागू नका. दोन्ही टोकांना पाख्यांच्या आतल्या कडेला लोखंडी खांब उभे करा, त्यांना स्वतःचा पाया द्या, तीन बाय तीन फुटांचा, काळी माती पार करून मुरमावर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर खांब ठेवला तर घर श्वास घेतल्यासारखं वरखाली होईल.

आणि परसातल्या नव्या बांधकामाचं एक किलोही या गर्डरवर टाकू नका. त्याला त्याचे चार खांब, मध्ये बोटभर सांधा. जुनं घर बसून शंभर वर्षं झाली, नवं अजून बसायचंय.

कडीपाट, ७ फेब्रुवारी

सर्वांना राम राम. मंगळवेढ्याचा, घराणं सुतारकीचं. लोखंडावर सर बोलले, मी लाकडावर बोलतो.

मालक, त्या भिंतीला न्हाणी चिकटून होती म्हणता. मग कड्यांची भिंतीतली टोकं आधी तपासा. दिसायला कडी झकास असते, भिंतीत गेलेलं वीतभर टोक कुजलेलं असतं. लहान गिरमिट घ्या, भिंतीच्या तोंडापासून दोन बोटं सोडून कडीत तिरकं, भिंतीच्या दिशेने चालवा. सागाचा पिवळट भुसा आला आणि वास आला तर टोक जिवंत आहे. तपकिरी पीठ आलं आणि गिरमिट लोण्यात गेल्यासारखं गेलं तर टोक मेलं. भोकात नंतर सागाची खुंटी ठोका.

दुसरं, तुम्ही विचारलं खाली की पोटात. पोटात गर्डर लपवायचा तर प्रत्येक कडी कापून त्याच्या कुशीत बसवावी लागते, प्रत्येकीला पट्टीचा बूट करावा लागतो. दिसायला छान, छत सपाट. पण जुन्या कड्या हाताने चिरलेल्या, दोन सारख्या नसतात. नवीन लाकडाला ते काम ठीक. जुन्याला गर्डर खालूनच द्या, कडी अख्खी राहू द्या. माजघराची उंची किती?

शुक्रवारपेठी, ८ फेब्रुवारी

उंची कड्यांच्या खाली साडेनऊ फूट. म्हणजे खालून चालेल.

काल गिरमिट चालवलं. उघडणाऱ्या तोंडावर नऊ कड्या येतात. सहा जिवंत, वास अजून खोलीत आहे. न्हाणीच्या बाजूच्या तीन मेलेल्या. एकीत तर गिरमिट हातातून सुटून दांड्यापर्यंत आत गेलं. आईने ते पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि म्हणाली, "यावर आपण दिवाळीला फराळाचे डबे ठेवायचो."

कडीपाट, ८ फेब्रुवारी

मग गर्डर भिंतीच्या जागी मधोमध नको, आतल्या अंगाला सरकवून घ्या, म्हणजे कडीचं जिवंत लाकूड त्यावर बसेल. मेलेलं टोक नंतर कापा. आधी आधार, मग करवत. उलटं करणारे पाहिलेत मी.

मोजपट्टी, ९ फेब्रुवारी

कडीपाटांच्या सूचनेने माझं डिझाइन बदलतंय, बरं झालं. खाली भिंत दीड फूट, वर नऊ इंच. वरची वीट बाहेरच्या अर्ध्यावर आहे की आतल्या? फोटोवरून बाहेरच्या वाटतेय. तसं असेल तर एका गर्डरने दोघांना झेलायला गेलं की तो एका बाजूला पिळला जाणार. दोन गर्डर घ्या. दोन्ही आयएसएमबी २००. आतला कड्यांसाठी, त्याच्यावर मीटरला ७०० किलो, वाकेल साडेचार मिलिमीटर. बाहेरचा विटेच्या भिंतीसाठी, १२५० किलो, वाकेल पावणेआठ. दोन्ही पास. दर तीन फुटांवर दोघांना आडव्या तुकड्यांनी बांधा, बाहेरच्यावर वीट बसायला १० मिलिमीटरची पट्टी.

आणखी एक फायदा तुमच्या गल्लीला. साडेतेरा फुटी २०० चा गर्डर १०४ किलो, चार माणसं उचलतात. २५० चा दीडशेच्या वर जातो.

शेंगाचटणी, ९ फेब्रुवारी

आमच्या गल्लीत २०० चा आणला तेव्हा वळणावर अडकला होता. शेवटी एकाच्या ओट्यावरून, दुसऱ्याच्या खिडकीतून काढला. खिडकीवाल्या आजींनी आधी चपला काढायला लावल्या.

उमरगेकर, १० फेब्रुवारी

एक विचारू का? भिंत नुसती वजन झेलत नाही ना? ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. पहाटे चार वाजायला चार मिनिटं होती. आमच्याकडे दगड-मातीच्या भिंती आत-बाहेर अशा फुटल्या की पाहवत नव्हतं, वर दोन-दोन फुटांची माळवदं. पण ज्यांच्या घरात लाकडी खांब-तुळयांचे खण धड होते, तिथे कुठे कुठे भिंत गेली आणि छत खांबांवर राहिलं. ते चित्र डोळ्यांसमोर आहे म्हणून विचारतो, भिंत काढल्यावर घर आडवं हललं तर?

मोजपट्टी, १० फेब्रुवारी

बरोबर विचारलंत. आयएस १८९३ च्या (भूकंपाच्या भारतीय मानकाच्या) २०१६ च्या आवृत्तीत सोलापूर झोन ३ मध्ये आहे, म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. साडेअकरा फूट भिंत काढली की त्या दिशेची आडवी ताकद जाते. म्हणून खांब आणि गर्डर नुसते एकमेकांवर ठेवायचे नाहीत, कोपऱ्यात त्रिकोणी पट्ट्या वेल्ड करून चौकट करायची, पायाशी खांबाला जाड बैठकपट्टी आणि चार अँकर बोल्ट. कड्याही गर्डरवर नुसत्या ठेवू नका, प्रत्येक कडी अँगलच्या तुकड्याने आणि कोच स्क्रूने बांधा. किल्लारीला खण उभे राहिले ते खांब आणि तुळई एकमेकांत सालमिठीने (खाचेत खुंटी बसवून) अडकवलेले होते म्हणून. आणि शुक्रवारपेठी, माडीवरची माती चार इंचांवरून दोनवर आणता आली तर चौरस मीटरला ८५ किलो हलकं होईल. भूकंप वजनाच्या प्रमाणात ओढतो.

शुक्रवारपेठी, १४ मार्च

महिनाभर गायब होतो. एक इंजिनीयर नेमले, त्यांनी सगळं नव्याने मोजलं, उत्तर दोन आयएसएमबी २०० असंच आलं. परवानगीचे कागद होऊन कामही सुरू झालंय. माती कमी करायचं काम वरच्या फरशीसोबत पुढच्या वर्षी.

आता घरातला तिढा. उजव्या पाख्यात कोनाडा आहे, देवाचा नाही, दिव्याचा. आजीच्या आजेसासूपासून तिथे तिन्हीसांजेला दिवा लागतो, दगड वरून काजळीने काळा कुळकुळीत. गवंडी म्हणतो, एवढ्या ओझ्याजवळ पोकळी नको, भरून टाकू. आईने त्या दिवसापासून गवंड्याला चहा देणं बंद केलंय.

मोजपट्टी, १४ मार्च

गर्डर भिंतीवर टेकत असता तर मी गवंड्याच्या बाजूने असतो, आईंचा रोष पत्करून. पण ओझं खांबावर आहे, पाखा नुसता उभा आहे. कोनाडा राहू द्या. खांबाची कड आणि कोनाडा यांत फूटभर दगड शिल्लक राहतो ना तेवढं बघा. गवंड्याला चहा सुरू करा, त्याने योग्य तेच विचारलं होतं.

शुक्रवारपेठी, २९ मार्च

काम झालं. सविस्तर लिहितो, कारण मला स्वतःला आधी असं लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं.

पहिले दोन दिवस नुसती माडी रिकामी केली. कपाटं, गव्हाच्या कोठ्या, वडिलांची बांधीव मासिकं. मासिकंच पाव टन असतील. मग पाये. डावीकडे चार फुटांवर मुरूम, उजवीकडे साडेपाच फूट जावं लागलं. काँक्रीट भरून दहा दिवस गप्प बसलो, रोज पाणी मारलं.

मग टेकू. माजघरात भिंतीपासून दोन फूट सोडून सेंट्रिंगच्या लोखंडी जॅकची रांग, खाली जाड फळी, वर आडवी बल्ली, बल्ली आणि प्रत्येक कडीत सागाच्या जोडपाचरा. इथे मोठा घात होता होता वाचला. तिसरा जॅक घट्ट करताना खालची शहाबादी 'ठप्प' अशी वाजली. बाकीच्या 'टण्' वाजत होत्या. गवंडी थांबला, हातोडीच्या दांड्याने चहूकडे ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "मालक, खाली पेव आहे." फरशी उचलली तर खरंच, धान्य साठवायचा जुना खड्डा. तोंड दोन फुटी, आत माणूस बसेल एवढी पोकळी, तळाशी कडब्याचा चुरा आणि एक फुटकी घागर. घरात कुणालाच माहीत नव्हतं. आईला अंधुक आठवलं की सासूबाई तिथे जड काही ठेवू देत नसत, पण का ते कधी सांगितलं नाही. पेव दगड आणि काँक्रीटने भरलं, चार दिवस गेले.

विटेची भिंत धरायला तिच्या पायथ्याशी, माडीच्या फरशीच्या लगेच वर, तीन-तीन फुटांवर भोकं पाडून आडवे लोखंडी तुकडे आरपार घातले. एक टोक परसात उंच जॅकवर, दुसरं माडीवरच्या जॅकवर. आणि माडीवरच्या प्रत्येक जॅकच्या बरोबर खाली माजघरातला जॅक, ओळंबा सोडून जुळवलेला. हे आडवे तुकडे कशाचे होते सांगा? रुळाचे! साडेचार फुटी, भंगारातून, पावतीसह. रूळवाला काका, तुमची आठवण काढली.

मग बाहेरच्या अंगाने दगड काढायला घेतले, वरून खाली, हाताने, पहारीने. घण नको, ब्रेकर नको. बाहेरचा गर्डर चढवला, खांबावर बसवला, मग आतला. गर्डर आणि विटेच्या फटीत लोखंडी पट्ट्या ठोकून, उरलेल्या जागेत कोरडा मसाला ठासला, एवढा कोरडा की मुठीत धरला तर गोळा होतो पण हात ओला होत नाही. कड्यांखाली प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जाडीची पट्टी लागली, कुठे ४ मिलिमीटर, कुठे १९. कडीपाट म्हणाले तसंच, दोन सारख्या नाहीत.

सात दिवसांनी जॅक सोडले. एकदम नाही, मधल्यापासून कडेला, प्रत्येकाला अर्धा-अर्धा फेरा. एका फेरीत एक मधला जॅक हाताने हलला. तेव्हा कळलं, ओझं पलीकडे गेलं. दोरी ताणून मोजलं: आतला गर्डर मधोमध ३ मिलिमीटर, बाहेरचा ६. खोलीत कुणी बोललं नाही. मग आई चहा घेऊन आली, गवंड्याचा कप पहिला.

कडीपाट, २९ मार्च

मेलेली तीन टोकं?

शुक्रवारपेठी, २९ मार्च

जॅक सोडल्यावर कापली. गर्डरच्या बाहेर चार बोटं जिवंत लाकूड राहिलं. कापलेल्या तोंडांना वाळवीचं औषध दोनदा लावलं, लाकूड आणि लोखंडाच्या मध्ये डांबरी पट्टी.

रूळवाला, ३० मार्च

रूळ चालतो म्हणत होतो की नाही.

माहेर_साखरपेठ, २ एप्रिल

गर्डर उघडे ठेवलेत का? स्वयंपाकघर आहे, वाफ आणि आग दोन्ही.

शुक्रवारपेठी, २ एप्रिल

लाल ऑक्साइडचे दोन हात, मग जाळी बांधून दीड इंच सिमेंटचा गिलावा. इंजिनीयर म्हणाले, आगीत लाकूड बाहेरून जळत जातं आणि वेळ देतं, उघडं लोखंड तापून अचानक मऊ पडतं. त्यामुळे झाकलं. लोखंड दिसायला हवं असं मुलाचं म्हणणं होतं, आजकाल तशी फॅशन आहे म्हणे.

मोजपट्टी, ३ एप्रिल

वरच्या विटेच्या भिंतीवर, दोन्ही खांबांच्या डोक्यावर, गिलाव्यात आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवून ठेवा, तारीख लिहून. भिंत हलली तर काच आधी तडकते. एक पावसाळा जाऊ द्या.

शुक्रवारपेठी, १९ ऑक्टोबर

सर, पावसाळा गेला. यंदा सप्टेंबरमध्ये परसात घोट्यापर्यंत पाणी होतं. डावीकडच्या दोन्ही काचा शाबूत. उजवीकडची खालची शाबूत, वरची तडकली, केसासारखी. गर्डर पुन्हा दोरीने मोजला: आतला ३, बाहेरचा ७.

मोजपट्टी, १९ ऑक्टोबर

बाहेरचा एक मिलिमीटर वाढला ते चालेल. उजवीकडे थोडं बसणं अपेक्षितच होतं, तिकडचा पाया खोल भरावातून गेलाय. तडकलेल्या काचेशेजारी नवी काच लावा, आजची तारीख टाका. संक्रांतीला बघू. ती तडकली तर मी स्वतः येतो, नाही तडकली तरी येतो. गर्डर बघायचाय आणि कोनाडाही.

शुक्रवारपेठी, १९ ऑक्टोबर

काच लावली. आईने विचारलं, कोनाड्यातल्या दिव्याची आच तिच्यापर्यंत जात नाही ना? मी म्हटलं, ती वरच्या मजल्यावर आहे. म्हणाली, "मग असू दे."